कर्ता माणूस गेल्यावर: पहिलं वर्ष पार करताना

माझे मालक गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सहाची. ते चाकणला एका कंपनीत फिटर होते. चिखलीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, आणि गावी माण तालुक्यात दिरांबरोबर सामाईक जिरायत जमीन. त्यातली आमच्या वाट्याची अडीच एकर. गावच्या घरी सासूबाई एकट्या. रात्रपाळीला निघालेल्या माणसाला वाटेत टेम्पोनं उडवलं, आणि पहाटे चारला आमचं दार वाजवलं ते पोलिसांनी. त्याला आता नऊ वर्षं झाली.

या नऊ वर्षांत मी कितीतरी बायकांबरोबर तलाठी कार्यालयाच्या, बँकेच्या, तहसीलच्या पायऱ्या चढले. प्रत्येकीची कहाणी वेगळी, पण अडतं तिथंच, आणि चुका होतात त्याही त्याच. म्हणून हे लिहिते आहे. जिच्या घरी नुकतंच हे घडलंय तिच्यासाठी, आणि तिला वाचायचं त्राण नसेल तर तिच्या भावासाठी, बहिणीसाठी.

सगळ्यात आधी एक सांगते. पहिल्या वर्षात जो तो तुमच्या वतीनं ठरवायला पुढे येतो. कुणी मायेनं, कुणी जमिनीवर डोळा ठेवून, आणि त्या वेळी दोघं ओळखू येत नाहीत. मदत सगळ्यांची घ्या. ठरवणं मात्र आपल्याकडे ठेवा. पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्यासाठीच.

पहिले तेरा दिवस

या दिवसांत डोकं चालत नाही. आमच्याकडे दहाव्याला कोण कोण आलं होतं ते मला आजही आठवत नाही. म्हणून या दिवसांत मोजकीच कामं, आणि तीही विश्वासातल्या एकाच माणसावर सोपवून.

पहिलं काम मृत्यूच्या नोंदीचं. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांत नोंद व्हायला हवी. मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर दवाखाना कळवतो, घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायचं. इथं बरेच जण चुकतात: नोंद होते ती मृत्यू जिथं झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, आपल्या गावी नाही. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यापुढे एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून आधार कार्डाशी नाव ताडून बघा. एका वेलांटीच्या फरकासाठी पुढे सहा महिने हेलपाटे पडतात. निदान दहा प्रती काढून ठेवा.

अपघात असेल तर पोलीस ठाण्यातून चार कागद मागून घ्या: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. हे कागद नसतील तर पुढे विमा हलत नाही आणि नुकसानभरपाईही.

त्यांच्या एटीएम कार्डानं पैसे काढू नका. घरात कार्यासाठी पैसे लागतात, पिन माहीत असतो, कुणीतरी म्हणतं "आत्ता काढून घे, मग खातं बंद होईल". पण माणूस गेला की त्या खात्यातली रक्कम सगळ्या वारसांची होते, आणि नंतर भावकीत पहिलं बोट त्या नोंदीवर ठेवलं जातं. खातं दोघांच्या नावे असेल आणि दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील त्यानं चालवायचं असं बँकेत लिहिलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांचा फोन नंबरही लगेच बंद करू नका. रिचार्ज चालू ठेवा. कुठं हप्ता होता, कुठं विमा होता, कुणाचं देणं होतं, ते सगळं त्या फोनवर येणाऱ्या मेसेजमधूनच कळत जातं.

आणि कुठंही सही करू नका. अंगठाही नाही. "फक्त नाव लावायला" असं म्हटलं तरी नाही.

कुंकवाचं

हे यादीत बसणारं काम नाही, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. दहाव्याला गल्लीतल्या बायकांनी मला मध्ये बसवलं, मनगट धरलं आणि बांगड्या फोडल्या. एक काच आत रुतली, रक्त आलं. धाकटी दारात उभी राहून बघत होती. त्यानंतर कितीतरी दिवस बांगडी वाजली की ती कानावर हात ठेवायची.

त्यात कुणाचं मन वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्यावरही तेच झालं होतं. पण आज तुमच्यावर ही वेळ आली असेल तर एवढं माहीत असू द्या: २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हा "आमच्यात असंच असतं" या वाक्याला आता उत्तर आहे. काय ठेवायचं, काय काढायचं, कधी काढायचं, ते तुम्ही ठरवा. स्वतःला बोलता येत नसेल तर बहिणीला किंवा जावेला आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी ती पुढे उभी राहील. मी आता असल्या घरी जाते ती तेवढ्यासाठीच जाते.

एक पिशवी आणि एक वही

चौदाव्या दिवसापासून कागद गोळा करायला लागा. चेन असलेली एक मोठी पिशवी घ्या आणि सगळं तिच्यातच ठेवा. सोबत एक दोनशे पानी वही. कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयात गेलात, कोण भेटलं, काय म्हणालं, पुन्हा कधी बोलावलं, ते रोजच्या रोज लिहा. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

मग त्यांचं पासबुक भरून आणा आणि ओळन् ओळ वाचा. मी हे सातव्या आठवड्यात केलं, रात्री, मुलं झोपल्यावर, स्वयंपाकघराच्या दिव्याखाली. पगार, घरभाडं, गॅस, एटीएम. आणि मे महिन्याच्या अखेरीला दोन बारक्या नोंदी: ३३० रुपये आणि १२ रुपये. मला काही उमजेना. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंनी सांगितलं, पहिली प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची आणि दुसरी सुरक्षा विम्याची. दोन्हींचे दोन-दोन लाख. ते कधी बोलले नव्हते, कदाचित खातं उघडताना सही केली आणि विसरलेही असतील. त्या तीनशे बेचाळीस रुपयांवर पुढे मुलाचं कॉलेज झालं. आता ते हप्ते ४३६ आणि २० रुपये आहेत. जीवन ज्योती कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी लागू, सुरक्षा विमा फक्त अपघाताला. पासबुकात या रकमा दिसल्या तर त्याच आठवड्यात शाखेत दावा टाका.

नोकरी असेल तर कंपनीच्या मनुष्यबळ विभागात जाऊन भविष्य निर्वाह निधीचा मृत्यू दाव्याचा एकत्रित अर्ज मागा. त्या एकाच अर्जात तीन गोष्टी येतात: साठलेली रक्कम, तुमची आणि मुलांची पेन्शन, आणि ईडीएलआय नावाचा विमा. तो सात लाखांपर्यंत मिळू शकतो आणि पुष्कळ बायकांना तो असतो हेच माहीत नसतं. पेन्शन दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत असते. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांच्या नोकरीची अट असते, मृत्यू झाला तर ती लागत नाही. "पाच वर्षं भरली नव्हती" असं सांगून कुणी परत पाठवलं तर परत फिरू नका. कंपनी ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात, असेल आणि अपघात कामावर जाता-येताना झाला असेल, तर कुटुंबाला दरमहा लाभ मिळू शकतो. त्यासाठी पाळीची वेळ आणि अपघाताची वेळ जुळते हे दाखवणारा हजेरीचा कागद मिळवा.

रस्त्यावरच्या अपघाताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. आताच्या कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वकिलाला भेटणं वर्षश्राद्धापर्यंत ढकलू नका. विमा कंपनीचा माणूस "मिटवून टाकू" म्हणत घरी आला तर चहा द्या, सही देऊ नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईला तिथं उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. १९८७चा कायदाच तसा आहे. फोन क्रमांक १५१००.

शेतकरी घरात अपघाती मृत्यू झाला असेल, म्हणजे वीज, सर्पदंश, विहीर, विजेचा धक्का, वाहन, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत दोन लाखांचं अनुदान आहे. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, शक्यतो ३० दिवसांत.

जमीन, घर आणि वारस नोंद

इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त बायका इथंच फसतात.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे पहिले वारस चार: पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई. सगळ्यांना सारखा वाटा. आमच्या अडीच एकरात मी, मुलगा, मुलगी आणि सासूबाई असे चार समान वाटेकरी. सासऱ्यांचं नाव या पहिल्या यादीत नाही, दिराचंही नाही. मुस्लिम कुटुंबात मुलं असतील तर पत्नीचा वाटा एक-अष्टमांश, ख्रिस्ती कुटुंबात एक-तृतीयांश. गोव्यात, वेगळा करार केला नसेल तर, लग्नापासूनच निम्मी मालमत्ता पत्नीची धरली जाते. कायदा कोणताही असो, बायकोला काहीच नाही असं कुठंही नाही.

सातबाऱ्यावर नाव लावायला तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच चालतं.) अर्जासोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, आठ-अचा उतारा. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. नोंद आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-कमध्ये होते, मग फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, पडतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तीन महिने उलटले म्हणून हक्क जात नाही. २०२५मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली ती अशाच वर्षानुवर्षं राहून गेलेल्या वारस नोंदींसाठी. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे "अ.पा.क. आई" असं लागतं, म्हणजे अज्ञान (वयानं लहान) मुलांची पालनकर्ती तुम्ही. प्रतिज्ञापत्रात मुलीचं नाव आहे ना, हे स्वतः वाचा. "ती लग्न होऊन जाईल" म्हणून गाळतात.

आता आमच्याकडे काय झालं ते. विसाव्या दिवशी दीर घरी आले. हातात टाइप केलेला कागद. "वहिनी, नाव लावायचंय, दहिवडीला जाऊन सही करावी लागेल, आईचाही अंगठा लागेल." सासूबाई लगेच पदर सावरून उठल्या. त्यांना वाचता येत नाही. मी कागद हातात घेतला. डोळ्यांपुढे अक्षरं पुसट होत होती, पण वरच्या ओळीतला एक शब्द वाचला: हक्कसोडपत्र. मी एवढंच म्हणाले, "भाऊजी, माझा भाऊ रविवारी येतोय, त्याला दाखवते." दिरांनी कागद घडी करून खिशात घातला. तो पुन्हा कधी बाहेर आला नाही.

हे लक्षात ठेवा. नाव लावायला तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कार्यालयात, जावं लागत नाही. तिथं न्यायला कुणी निघालं, तर तो वारस नोंदीचा कागद नसून हक्क सोडल्याचा किंवा विक्रीचा आहे. आणि मुलांचा वाटा तर तुम्हालाही परस्पर विकता येत नाही. १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे त्याला न्यायालयाची परवानगी लागते. "मुलांच्या वतीनं तूच सही कर" म्हणणाऱ्याला हेच वाक्य सांगा.

दिरांशी मी भांडले नाही. आज आमची पेरणी त्यांच्याच ट्रॅक्टरनं होते. सासूबाईंचा वाटा त्यांच्याच नावावर आहे, आणि त्या माझ्याजवळ राहतात. वाटा मागितला म्हणून घर तुटतं असं नाही. मागायच्या आधीच भांडायला गेलं तर मात्र तुटतं.

भाड्याच्या घरात असाल, सासरच्या घरात असाल, कुणी "आता तू माहेरी जा" म्हणालं, तर लगेच बोचकं बांधू नका. सासरच्या राहत्या घरातून तुम्हाला असं काढता येत नाही. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिथं कामी येतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. माझा सल्ला असा, की पहिलं वर्ष, निदान मुलांचं शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंत, गाव, घर आणि शाळा यांतलं काही बदलू नका. बाप गेला, त्यात शाळाही गेली आणि मित्रही गेले, तर लेकरानं धरायचं काय?

देणं आणि पैसा

कर्जवाले पहिल्या महिन्यातच येतात. तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल, तर नवऱ्याचं कर्ज त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच वसूल होतं. तुमच्या स्वतःच्या कमाईतून किंवा स्त्रीधनातून नाही. घराच्या किंवा गाडीच्या कर्जावर बरेचदा विमा असतो, तो आहे का ते बँकेला लेखी विचारा. खासगी सावकाराला परवाना आहे का ते बघा. २०१४च्या सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. हातउसने असतील ते मात्र वहीत लिहा आणि जमेल तसे फेडा. गावात आपली पत आपल्यालाच सांभाळावी लागते.

विम्याचे पैसे आले की नातेवाईक जवळचे होतात. मी पहिल्याच महिन्यात माझ्या एका नातेवाइकाला धंद्याला पन्नास हजार दिले. ते आले नाहीत. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते: रक्कम आली की सहा महिने मुदत ठेवीत टाका, म्हणजे "पैसे अडकलेत" असं खरं खरं सांगता येतं. ठेव बँकेत किंवा पोस्टात ठेवा. पतसंस्था दोन टक्के जास्त देते, पण बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नाही.

सरकारी मदतीचं थोडक्यात सांगते. संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १५०० रुपये, उत्पन्नाची अट वार्षिक २१ हजार. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस ५९ वर्षांच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार. दोन्ही तहसील कार्यालयात. दरमहा १५०० रुपये अशा योजनेतून चालू असतील तर लाडकी बहीण योजनेत बसत नाही, हे आधीच कळलेलं बरं. आणि जी योजना कुणी सांगत नाही ती बाल संगोपनाची: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत एक पालक गेलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत दरमहा २२५० रुपये मिळतात, प्रत्येक मुलामागे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. अंगणवाडी ताईंना विचारलं तर त्या वाट दाखवतात. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तुमचं नाव लावून घ्या. अन्न सुरक्षा कायद्यात घरातली सगळ्यात मोठी बाईच कुटुंबप्रमुख असते.

कामाचं म्हणाल, तर मी सुरुवातीला शिलाई मशीन घेतलं, कारण सगळ्यांनी तेच सुचवलं. गल्लीत आधीच चार मशीनं होती. पुढे एका कँटीनमध्ये पोळ्यांचं काम धरलं, आणि त्यातून आज मी दोन कंपन्यांना डबे देते. घ्याल ते काम बाहेर नेणारं घ्या. चार माणसांत बसायला लावणारं काम औषधाइतकंच लागू पडतं. गावी असाल तर उमेद किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटात जाऊन बसा, आधी कर्ज घेऊ नका, नुसतं बसा.

मुलं

धाकटीला शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, "पप्पा ड्युटीला गेलेत." लहान आहे, तिला कशाला रडवायचं म्हणून. रात्रपाळी असली की ते सकाळी साडेसातला दुधाची पिशवी घेऊन यायचे. तर ती रोज सातला उठून गॅलरीत जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, तिला लवकर जाग येते. एक दिवस तिनं विचारलं, "पप्पांची ड्युटी सुटत का नाही?" तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी मी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "पप्पा मेलेत. त्यांना खूप लागलं, डॉक्टरांनी बरं करायचा प्रयत्न केला, पण त्यांचं शरीर बंद पडलं. ते आता परत येणार नाहीत." ती रडली, मी रडले. मग तिनं विचारलं, "दूध कोण आणणार?" आम्ही दोघी खाली जाऊन दूध आणलं. पुढची दोन वर्षं रोज दूध तीच आणायची.

म्हणून सांगते, लहान मुलांशी "झोपलेत", "गावाला गेलेत", "देवानं नेलं" असं बोलू नका. झोपलेत म्हटलं की मूल झोपायला घाबरतं, देवानं नेलं म्हटलं की देवाला. सरळ शब्द वापरा, आणि तोच प्रश्न दहादा आला तरी दहादा तेच उत्तर द्या. दोन प्रश्न ती मनात ठेवतात, त्यांची उत्तरं न विचारता द्या. एक, "माझ्यामुळे झालं का?" नाही झालं. दोन, "तू पण मरशील का?" त्याला मी म्हणायचे, "मी खूप वर्षं जगणार आहे, तुझी काळजी घ्यायला मी आहे, मामा आहे, आजी आहे." सहा वर्षांच्या मुलानं पुन्हा अंथरूण ओलं करणं, नखं खाणं, आईला चिकटून बसणं, हे या दिवसांत होतं. त्यावर ओरडू नका.

थोरल्याचं दुखणं मला उशिरा कळलं. तेराव्याला त्याच्या खांद्यावर हात ठेवून एका चुलत्यांनी म्हटलं, "आता तूच घरातला कर्ता पुरुष. आईला सांभाळ. रडायचं नाही." पोरानं ते शब्दशः घेतलं. कबड्डीला जाणं सोडलं. संध्याकाळी दाराची कडी तीनदा तपासायचा. एक दिवस वाण्यानं मला सांगितलं, "तुमचा मुलगा येऊन उधारी किती झाली विचारत होता." अकरा वर्षांचा मुलगा!

मी त्याला जवळ बसवून वही दाखवली. किती आले, किती गेले, किती उरले. म्हटलं, "घरातली कर्ती मी आहे. हा हिशोब माझा. तुझं काम शाळा आणि कबड्डी." पुढे त्या चुलत्यांनाही त्याच्यासमोरच सांगितलं, नम्रपणे. तेव्हा कुठे तो रडला, तीन महिन्यांनी. पोराला कर्ता म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ते त्याचं बालपण काढून घेतात. हे थांबवायचं काम तुमचंच.

शाळेत वर्गशिक्षकांना स्वतः भेटा. चिठ्ठी पाठवू नका. "माझे बाबा" असा निबंध येणार असेल तर आधी कळवा म्हणावं. जेवणाच्या, झोपायच्या वेळा पहिल्यासारख्या ठेवा, बाकी घर अस्ताव्यस्त असलं तरी चालेल. गेलेल्या बापाविषयी घरात बोला. फोटोला हार घालून माणूस भिंतीवरच राहतो. "पप्पांना ही भाजी आवडायची नाही" असं जेवताना म्हटलं की तो घरात येतो. पहिली दिवाळी, पहिला वाढदिवस जड जाणार हे धरूनच चला, आणि काय करायचं ते मुलांना विचारा. आमच्या पहिल्या दिवाळीत फटाके नव्हते, पण धाकटीच्या हट्टानं किल्ला केला, आणि त्यावर मावळ्यांबरोबर एक प्लॅस्टिकचा फिटर उभा होता, हातात पाना म्हणून काडी.

मूल सहा महिने होऊनही शाळेचं नाव काढत नसेल, जेवण तुटलं असेल, किंवा "मला पप्पांकडे जायचंय" असं म्हणत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८.

तो १४४१६ तुमच्यासाठीही आहे. झोप पूर्ण गेली, रोज सकाळी उठवेना, मुलांसकट संपवावं असं मनात आलं, तर त्याच क्षणी फोन करा आणि घरात एका माणसाला जवळ बसवून घ्या. असे विचार अनेकींना येतात. मलाही आले होते. ते उतरतात.

पुढचं

वर्षश्राद्ध झालं की लोक दोन टोकांचं बोलतात. कुणी "आता मुलांकडे बघून दिवस काढ" म्हणतं, कुणी स्थळ घेऊन येतं. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. आज तसं होत नाही, आणि पुन्हा लग्न केलं म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेत मिळालेला वाटा परत द्यावा लागत नाही. पेन्शनचं मात्र आधी विचारून घ्या, काही पेन्शन लग्नानंतर थांबतात. करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा, सवडीनं. मी केलं नाही. माझ्या मैत्रिणीनं केलं, आणि तिची दोन्ही मुलं त्या माणसाला बाबा म्हणतात.

शेवटचं काम सगळ्या जणी टाळतात. तुम्हाला काही झालं तर मुलं कुणाकडे? आईला मृत्युपत्रातून मुलांसाठी पालक नेमता येतो. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तुमची सही आणि ती करताना समोर असलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्याला नेमणार त्याला आधी विचारा. मी माझ्या धाकट्या भावाचं नाव लिहिलं, त्याच्या बायकोशी बोलून. त्याच दिवशी बँकेत, पोस्टात, विम्यात स्वतःची नामांकनं बदलून घेतली. सगळीकडे अजून मालकांचंच नाव होतं.

तो कागद त्याच चेनच्या पिशवीत आहे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. थोरल्याला तो कुठं आहे ते माहीत आहे. आता तो वीस वर्षांचा आहे, म्हणून सांगितलं.